वाचक विचारतात : गॅस गळतीच्या वेळी घरात थांबायचं की बाहेर पडायचं?

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यांतून आणि पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून या विषयावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर देत आहोत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

सातपूरच्या अशोकनगरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री कंपन्यांकडून उग्र वास आला की सगळी इमारत खाली उतरते. लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन पळायचं की घरातच थांबायचं?
— गृहिणी, सातपूर

वास येतोय आणि गॅस कुठला, सुटला कुठून हे माहीत नाही, अशा वेळी बहुतेकदा घर बंद करून आत थांबणंच बरं. पळताना माणूस खोल आणि भराभर श्वास घेतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, धावणारा ५० लिटरच्या वर. म्हणजे त्याच हवेत तो कितीतरी पट जास्त विष ओढतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये असंख्य लोक अंधारात घराबाहेर पडून धावत सुटले आणि अनेक जण वायूबरोबर, वायूच्याच दिशेने धावले.

रात्रीची वेळ जास्त धोक्याची असते. दिवसा जमीन तापते, हवा वर उठते, वायू पातळ होत जातो. रात्री जमीन गार पडते, थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो आणि वायू त्यातच अडकतो. थंडीत निफाडकडचे बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. त्यांचा धूर वर न जाता वेलींच्या उंचीवरच आडवा पसरलेला दिसतो, तो याच कारणाने. उत्तर अमेरिकेत अग्निशमन दलं वापरतात त्या मार्गदर्शिकेत एका पिंपाएवढ्या क्लोरिनच्या गळतीसाठी वाऱ्याच्या दिशेने दिवसा सुमारे ३०० मीटरपर्यंतच्या लोकांना जपायला सांगितलं आहे, आणि रात्री १ किलोमीटरहून जास्त.

आत थांबायचं ठरलं की पुढची कामं पाच मिनिटांत उरकायची. सगळ्या खिडक्या, दारं लावा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, चिमणी, एसी आणि विशेषतः कूलर बंद करा. नाशिकच्या घरांत उन्हाळ्यात कूलर खिडकीला लावलेला असतो आणि तो बाहेरची हवा सरळ आत ओढतो. तो नुसता बंद करून भागत नाही, त्याच्या तोंडावर चादर किंवा प्लास्टिक दाबून बसवावं लागतं. शेगडी, देवापुढचा दिवा आणि गॅस गीझर विझवा, कारण बंद खोलीतली हवा तेही खातात. मग सगळ्यांनी एकाच खोलीत जायचं. कमीत कमी खिडक्या असलेली, कारखान्याच्या विरुद्ध बाजूची, शक्यतो वरच्या मजल्यावरची खोली निवडा. क्लोरिन हवेच्या अडीच पट जड असतो, तो तळमजल्यात, जिन्याखाली, पार्किंगमध्ये साचतो. न्हाणीघर निवडू नका. तिथे काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते आणि ती कधीच नीट बंद होत नाही.

दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, खिडकीच्या कडांना रुंद ब्राउन टेप लावा. टेपचं एक भेंडोळं आणि खिडकीच्या मापाचे कापून ठेवलेले प्लास्टिकचे तुकडे त्याच खोलीच्या कपाटात कायम राहू द्या. ऐनवेळी कात्री शोधण्यात निम्मा वेळ जातो. माणशी १० चौरस फूट जागा असेल तर बंद खोलीतली हवा साधारण ५ तास पुरते. दहा बाय दहाच्या खोलीत दहा माणसं तेवढा वेळ काढू शकतात, गुदमरण्याची भीती बाळगू नका.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बाहेरचा ढग निघून गेला की घर लगेच उघडायचं. कितीही टेप लावली तरी थोडा वायू आत झिरपतो, आणि बाहेर स्वच्छ हवा आल्यावरही आपण खोली बंद ठेवली तर झिरपलेला तेवढा वायू आपणच श्वासात घेत बसतो. अधिकृत सूचना आली की दारं-खिडक्या सताड उघडा आणि मोकळ्यावर या.

घर सोडायचं ते तीन प्रसंगी: पोलीस किंवा अग्निशमन दलाने सांगितलं तर, आग जवळ येत असेल तर, आणि घरगुती गॅससारखा ज्वालाग्राही वायू घराच्या दिशेने येत असेल तर. तेव्हा घाई असली तरी आधी वारा पाहा. झाडाची पानं, झेंडा, धूर, वाळत घातलेले कपडे, काहीही पाहा. वारा तोंडावर येईल असे उभे राहा आणि डाव्या किंवा उजव्या हाताला चालायला लागा. वायूचा ढग सहसा लांबट आणि अरुंद असतो, त्यामुळे आडवं चालत दोनशे-चारशे मीटरमध्ये त्यातून बाहेर पडता येतं. त्याच्या पुढे पुढे पळत राहिलात तर तो किलोमीटरभर पाठ सोडत नाही. बाहेर पडल्यावर मग वारा येतो त्या बाजूला वळा. नंदिनी नदीच्या पात्रातून किंवा नाल्याकडेने जाणारी वाट टाळा, जड वायू तिथेच उतरतो.

आमचं घर पत्र्याचं आहे. भिंत आणि पत्रा यांत वीतभर फट आहे. ते बंद कसं करायचं?
— कामगार, स्वारबाबानगर

ते बंद होणार नाही, आणि त्यात थांबण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. तुमच्यासाठी उपाय आधीच ठरवावा लागेल. वस्तीपासून दोन-तीन मिनिटांच्या चालीवर दोन स्लॅबच्या इमारती निवडा, दोन वेगवेगळ्या दिशांना. समाजमंदिर, शाळा, बँक, एखादी सोसायटी, काहीही चालेल. दोन अशासाठी की वारा ज्या बाजूने वाहत असेल त्यावरून त्यांतली एक निवडता यावी. किल्ली कोणाकडे असते, रात्री दार कोण उघडेल, हे त्या लोकांशी आजच बोलून ठेवा. कंपनीलगतच्या इमारतींतल्या वाचकांनाही आमची कळकळीची विनंती आहे: जिन्याचं दार अशा रात्री शेजारच्या वस्तीला उघडं राहील, हा ठराव सोसायटीच्या सभेत करून घ्या. पत्र्याखाली राहणाऱ्यांना त्या रात्री दुसरा आडोसा नसतो.

ओला रुमाल नाकाला लावला की गॅस लागत नाही, हे खरं का? कोरोनातले मास्क घरात पडून आहेत, ते चालतील?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, श्रमिकनगर

पाण्यात विरघळणाऱ्या वायूंपुरतं ते अर्धं खरं आहे. अमोनिया पाण्यात फार लवकर विरघळतो, म्हणून जाड ओलं कापड, चार-पाच घड्या करून, काही मिनिटं उपयोगी पडतं. क्लोरिन आणि सल्फर डायऑक्साइडसाठी थोडाफार फायदा होतो. स्टायरिन, कार्बन मोनॉक्साइड, घरगुती गॅस यांना ओला रुमाल अडवत नाही. सर्जिकल मास्क आणि एन-९५ धूळ, थेंब, कण अडवतात. वायू त्यातून आरपार जातो. ओल्या कापडाचा उपयोग ढगातून बाहेर पडण्यापुरताच आहे. ते बांधून कोणाला वाचवायला आत शिरू नका.

डोळ्यांना पाणी लावत राहा, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास आधी काढा. बेशुद्ध पडणाऱ्याला कांदा हुंगवणं, दूध पाजणं, उलटी करायला लावणं यातलं काहीही करू नका. वायू फुप्फुसात गेला आहे, पोटात नाही. दूध पाजलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका मात्र वाढतो.

वास गेला म्हणजे गॅस गेला, असंही समजू नका. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये होणारा हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बंद पाडतो. लुधियानात ३० एप्रिल २०२३ रोजी गियासपुरा भागात ११ माणसं गेली, ती याच वायूने.

पिंपळगावजवळ आमचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. अमोनिया प्लँट जुना आहे. गळती बहुतेक कशामुळे होते आणि झाली तर गावाला कधी सांगायचं?
— व्यवस्थापक, निफाड तालुका

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. हंगामात, जानेवारी ते एप्रिल, तुमचा प्लँट रात्रंदिवस चालतो, आणि नेमके तेव्हाच आवारात पॅकिंगला शे-दोनशे बायामाणसं असतात.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते ऑइल काढताना. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियाबरोबर पुढे जातं आणि रिसीव्हरच्या, कॉइलच्या तळाशी साचतं. ते काढायला ऑपरेटर खालचा व्हॉल्व्ह उघडतो. गार पडून घट्ट झालेलं तेल बाहेर येत नाही, म्हणून तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो, आणि मग तेलाचा गोळा एकदम सुटून त्याच्या मागचा द्रव अमोनिया फवाऱ्यासारखा अंगावर येतो. यावर उपाय दोन. तेल आधी ऑइल पॉटमध्ये घेऊन तो पॉट बाकी यंत्रणेपासून तोडा, त्यातला अमोनिया सक्शनकडे खेचून घ्या, पॉट खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच तेल काढा. दुसरं, त्या व्हॉल्व्हच्या पुढे हात सोडताच स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा. तो स्वस्त आहे, आणि लाकडाची पाचर मारून तो उघडा ठेवणाऱ्याला त्याच क्षणी कामावरून बाजूला करा. तेल काढताना मास्क घातलेला एक आणि बघणारा दुसरा, अशी दोन माणसं हवीतच. मध्येच चहाला जाणं नाही.

दुसरं कारण म्हणजे दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेला द्रव. द्रव अमोनिया तापला की प्रसरण पावतो, त्याला जागा नसली की पाइप किंवा फ्लँज फुटतो. दुरुस्तीसाठी लाइन बंद करताना आधी द्रव काढून घ्या, मग दुसरं टोक बंद करा. तिसरं कारण इन्सुलेशनखाली चढणारा गंज. वरून पत्र्याचं आवरण चकचकीत दिसतं आणि आत ओल धरून पाइप खात जातो. ज्या जोडावर बर्फ किंवा घाम दिसतो, तिथलं इन्सुलेशन दरवर्षी उघडून पाहा. पितळी कॉक, तांब्याचा तुकडा कुठेही वापरू नका, अमोनिया तांब्याला खातो. आणि ट्रॉली, फोर्कलिफ्ट जिथून जातात तिथल्या खालच्या पाइपांसमोर लोखंडी कठडा हवा. सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण दर पाच वर्षांनी बदलून किंवा तपासून घ्यायचे असतात. शेवटची तारीख खोडून नवी रंगवलेली पाटी कोणाचा जीव वाचवत नाही.

मोजमापाचं बोलायचं तर अमोनियाचा वास दहा लाखांत ५ भाग असतानाच बहुतेकांना येतो, ही त्याची चांगली बाजू. डिटेक्टरची पहिली घंटा २५ भागांना वाजू द्या. ३०० भागांना जीव धोक्यात येतो, तिथे मास्कला लावायच्या साध्या कॅनिस्टरच्या, म्हणजे गाळणीच्या डब्याच्या, भरवशावर जायचं नाही, पाठीवर हवेची टाकी असलेलं श्वसन उपकरण लागतं. कॅनिस्टर वापरत असाल तर तो अमोनियाचा, म्हणजे हिरव्या पट्ट्याचा, ‘के’ प्रकारचा हवा. क्लोरिनसाठीचा राखाडी असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, आणि सील फोडलेला किंवा मुदत संपलेला टाकून द्यायचा. १५ ते २८ टक्के प्रमाणात अमोनिया पेटतोही, म्हणून प्लँट रूमची वीज बाहेरून तोडता यायला हवी, आणि एक्झॉस्ट पंखा स्फोटरोधक, वेगळ्या वायरिंगवरचा असावा.

पाण्याबद्दल एक सूचना. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाण्याचा झोत मारू नका. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, त्याच्यासाठी साधं पाणी म्हणजे उष्णताच, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे ८५० लिटर वायू होतो. झोत मारला की ढग दुप्पट उठतो. पाणी बारीक फवाऱ्याने, वायू जिकडे वाहतोय त्या बाजूला, हवेतच मारायचं. तो फवारा वायू विरघळवून खाली आणतो. वाहून जाणारं पाणी विहिरीत, नाल्यात जाऊ देऊ नका, मासे तर मरतातच. आणि लक्षात ठेवा, अमोनिया वायू हवेहून हलका असला तरी द्रव फुटून सुटलेला थंड ढग जमिनीलगतच सरकतो. ‘अमोनिया वर जातो’ म्हणून खाली वाकून बसणाऱ्यांना तोच लागतो.

अंगावर द्रव पडला तर कपडा कातडीला चिकटून गोठलेला असतो. तो ओढू नका, आधी भरपूर पाणी घाला, सुटला की काढा. डोळ्यांना सलग निदान १५ मिनिटं, शक्य तर ३० मिनिटं पाणी. प्लँट रूमपासून दहा सेकंदांत पोचता येईल अशा ठिकाणी शॉवर आणि आय वॉश हवा, आणि त्यात पाणी येतं का हे रोज सकाळी नळ फिरवून पाहा.

आता गावाबद्दल. आवाराच्या कुंपणापाशी वास आला की त्याच मिनिटाला सांगायचं. गळती आवरेल, उगाच घबराट कशाला, या विचाराने गेलेली दहा मिनिटं भरून येत नाहीत. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास स्टायरिन सुटलं, लोकांना भोंगा ऐकू आला नाही, लोक झोपेतून उठून रस्त्यावर आले आणि तिथेच कोसळले. १२ माणसं गेली. आधी ११२ आणि १०१, मग सरपंच आणि पोलीस पाटील. देवळाच्या लाउडस्पीकरवरून काय सांगायचं ते आजच कागदावर लिहून ठेवा, उदाहरणार्थ:

‘कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया सुटला आहे. वारा स्टोरेजकडून मराठी शाळेच्या दिशेने आहे. शाळेकडच्या वस्तीने बाहेर पडू नये, दारं-खिडक्या, कूलर बंद करून आतल्या खोलीत बसावं. बघायला कोणी येऊ नये. पुढची सूचना पंधरा मिनिटांनी.’

पूर्व-पश्चिम म्हणू नका. ‘पश्चिमेचा वारा’ म्हटलं की निम्म्या लोकांना तो पश्चिमेकडे जाणारा वाटतो. शाळा, पार, पाण्याची टाकी अशी ठिकाणं सांगा. वेळ असेल तर वाऱ्याच्या दिशेच्या गोठ्यांतली दावी सोडायला सांगा, मात्र ढग दिसत असताना नव्हे.

मुंबई-आग्रा महामार्गावर गोंद्याजवळ आमचं हॉटेल आहे. टँकर उलटला तर त्यात काय आहे ते कसं ओळखायचं?
— हॉटेलचालक, इगतपुरी तालुका

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक चौकोनी पाटी असते. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो, तो जगभर एकच. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरिन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १८३० सल्फ्युरिक ॲसिड, १७८९ हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याच पाटीवरच्या संकेताच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल तर आसपासचे लोक हलवण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. ११२ ला फोन करताना हा क्रमांक, मैलाचा दगड आणि वारा कुणीकडे आहे, एवढं सांगा. पाटी वाचायला जवळ जायचं नाही, मोबाइलचा कॅमेरा झूम करा. किती लांब थांबायचं याची एक खूण आहे: हात लांब करून अंगठा उभा धरा, अपघाताचं सगळं दृश्य अंगठ्यामागे झाकलं जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात.

एलपीजी असेल तर गाड्या सुरू करू देऊ नका. हा वायू हवेहून जड, रस्त्याने पांढऱ्या धुक्यासारखा सरकतो, आणि हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरच्या अजमेर रस्त्यावर टँकरचे व्हॉल्व्ह तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि मग भडकला. होरपळलेल्यांत इतर वाहनांतले प्रवासीही होते. तेव्हा इंजिन बंद, चावी गाडीतच, वाऱ्याला आडवं चालत दूर. हॉटेलची भट्टी, तंदूर, जनरेटर बंद करा. पण वायू दारात पोचला असेल तर बटणाला हात न लावता तसेच निघा. कसारा घाटात असाल तर उताराकडे जाऊ नका. टँकरलाच आग लागली असेल तर चहूबाजूंनी १६०० मीटर मोकळे हवेत. टाकी तापून फुटली की तिचे तुकडे शेकडो मीटर उडतात. मुंढेगावच्या कारखान्यात २०२३ आणि २०२५ मध्ये लागलेल्या आगींच्या वेळी महामार्गावर बघ्यांच्या गाड्या थांबल्या, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहोत.

उलटलेल्या टँकरमधून डिझेल, पेट्रोल भरून नेणाऱ्यांना कसंही करून थांबवा. पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून २०१७ मध्ये अशाच गर्दीतली दोनशेहून जास्त माणसं जळून गेली.

पांढरा ढग दिसला म्हणजे विषारीच का? २०२१ मध्ये डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातही तसाच ढग होता.
— ज्येष्ठ नागरिक, सिडको

तो द्रव ऑक्सिजन होता. थंड द्रव सुटला की हवेतली वाफ गोठते आणि पांढरं धुकं दिसतं, मग तो ऑक्सिजन असो, नायट्रोजन, अमोनिया की एलपीजी. २१ एप्रिल २०२१ चे ते मृत्यू वायू बाहेर पसरल्याने झाले नाहीत, आतल्या रुग्णांचा पुरवठा तुटल्याने झाले. म्हणून रंगावरून निर्णय घेऊ नका. ऑक्सिजनच्या धुक्यात विष नसतं, पण कपड्यांत तो भिनतो आणि मग एका काडीने कपडे भडकतात. बाहेर आल्यावर निदान अर्धा तास मोकळ्या हवेत राहा, विडी-सिगारेट, शेगडी दूर. डांबरी रस्त्यावर द्रव ऑक्सिजन सांडला असेल तर त्यावर पाय किंवा चाक पडू देऊ नका, भिजलेलं डांबर आघाताने स्फोट पावू शकतं. नायट्रोजनला वास नसतो आणि बंद खोलीत तो काही श्वासांत बेशुद्ध करतो.

ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर टीसीएल पावडर आणि क्लोरिनचं सिलिंडर दोन्ही आहे. काय जपायचं?
— सदस्य, दिंडोरी तालुका

टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती खत, युरिया, डिझेल, ॲसिड यांच्याजवळ ठेवू नका. ओल आणि तेल लागलं तर ती तापते, क्लोरिन सोडते आणि पेटूही शकते. फोडलेलं पोतं झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, जमिनीपासून उचलून ठेवा. पाण्यात कालवताना वाऱ्याकडे पाठ करून, उघड्यावर. घरातल्या बायकांनाही सांगा, ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र टाकलं की न्हाणीघरात हाच वायू तयार होतो.

सिलिंडरच्या खोलीचा एक्झॉस्ट जमिनीलगत हवा, छताजवळ नको. गळती शोधायला अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा जवळ न्या, गळतीपाशी पांढरा धूर उठतो. गळणाऱ्या जागेवर पाणी मारू नका. त्याने आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. मोठ्या, ९०० किलोच्या टोनरमधून द्रव गळत असेल तर प्रशिक्षित माणूस तो फिरवून गळतीची जागा वर आणतो, म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटतो आणि वेग खूप कमी होतो. शिपायाला हे करायला लावू नका.

गळतीची बातमी आली की पालक शाळेच्या गेटवर गर्दी करतात. मुलं सोडावीत का?
— शिक्षिका, अंबड

सोडू नका. वर्ग बंद करून मुलं वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या आडबाजूच्या वर्गांत बसवा आणि पालकांना एकच संदेश पाठवा: ‘मुलं आत सुरक्षित आहेत, येऊ नका.’ हा संदेश जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत समजावून सांगितलेला असला पाहिजे, नाहीतर त्या दिवशी कोणी ऐकणार नाही. दम्याच्या मुलांची यादी आणि त्यांचे पंप वर्गशिक्षकाकडे हवेत. रिक्षा-व्हॅनवाल्या काकांनाही हेच सांगून ठेवा.

शेजारची कंपनी विचारलं तर काहीच सांगत नाही. आम्हाला काही अधिकार आहे का?
— सरपंच, सिन्नर तालुका

आहे. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याने, अपघात झाल्यास ज्यांना झळ पोचेल त्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करायचं हे आधीच कळवायला हवं. कारखान्याच्या आतली आराखड्याची रंगीत तालीम सहा महिन्यांनी, आणि बाहेरच्या लोकांसह प्रशासनाची तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक गट असतो. ग्रामसभेचा ठराव करून या गटाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी विचारा: कोणती रसायनं, एका वेळी जास्तीत जास्त किती, सर्वांत वाईट गळतीत वायू किती अंतर जाईल, धोक्याचा भोंगा कसा वाजतो आणि शिफ्टच्या भोंग्यापासून तो वेगळा कसा ओळखायचा, धोका टळल्याचा भोंगा कसा, रात्री फोन कोण उचलतो. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. बाहेरच्या माणसाला इजा झाली तर सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करता, पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे मदतीचा अर्ज करता येतो. त्यासाठी दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि घरगुती गॅस गळतीचा १९०६ हे दोन क्रमांक पंचायतीच्या फलकावर रंगवा, मोबाइलवर शासनाचं ‘सचेत’ ॲप घ्या.

सगळं निवळल्यावर घरी परत गेल्यावर काय करायचं? खोकला राहिला तर?
— वाचक, देवळाली गाव

बाहेरचे कपडे दाराबाहेरच काढा. डोक्यावरून ओढून काढायचा शर्ट कापून काढा, म्हणजे तो चेहऱ्यावरून फिरत नाही. कपडे पिशवीत बांधून ठेवा, अंघोळ करा. घर तासभर उघडं ठेवा. उघडं अन्न, ताटात राहिलेली भाकरी, झाकण नसलेल्या हंड्यातलं पाणी टाकून द्या. फ्रिजमधलं आणि बंद डब्यातलं चालतं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं होतं का ते बघा. द्राक्षाची किंवा भाजीची पानं करपली असतील तर तलाठ्याकडून पंचनामा होईपर्यंत बाग धुऊ नका.

खोकल्याबद्दल जास्त काळजी घ्या. क्लोरिनसारखे वायू छातीत गेले तर माणूस दोन-चार तास बरा वाटतो आणि मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणून चोवीस तास जिना चढणं, जड उचलणं, धावपळ बंद. धाप लागली, छाती आवळली, फेसाळ किंवा गुलाबी बेडका पडला, ओठ निळसर दिसले तर १०८ ला फोन करा आणि आडवं न झोपवता बसवून न्या. दम्याचे रुग्ण, गरोदर बाई, वर्षाआतलं मूल यांना त्रास नसला तरी त्याच दिवशी दाखवा. डॉक्टरांना वायूचं नाव, किती मिनिटं त्या हवेत होता आणि कधी बाहेर पडलात, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्या.